आधीचा आवाज

१

तळघरात काम करताना वर्नेटा रेडिओ लावत नसे. कान मोकळे पाहिजेत, नाहीतर काय बिघडलंय ते कळणार कसं, हे तिचं म्हणणं. उत्तरेकडच्या सॅगिनॉ गावातल्या कुठल्याही चर्चचा ऑर्गन अडखळला, ॲम्प जळला, गिटारीची मान वाकली, की लोक तिच्या दारात यायचे आणि विचारायचे, "ऑरिस आहे का?" ऑरिस म्हणजे तिचा नवरा. तो छाती काढून दारात उभा राहायचा, काम घ्यायचा आणि तळघरात येऊन ते वर्नेटापुढे टाकायचा. तो वारला तेव्हा गावाला कळलं, की दुरुस्ती काही थांबली नाही. कळलं, पण तोंडाने कबूल करायला कुणाची जीभ वळली नाही.

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर ऑरिसचाच बेस पडला होता. गिटारीसारखाच पण खर्जाचा, चार जाड तारांचा, तपकिरी, अंगठा टेकून टेकून एका जागी रंग उडालेला. ऑरिस गेल्यावर तिने तो चर्चला देऊन टाकला होता. घरात नको होता तिला. आता चर्चचा कारभार बघणारा डीकन थॅडियस तो पुन्हा घेऊन आला होता.

"सिस्टर, हा ऐकूच येत नाही हो. नवा ड्रमवाला आलाय ना आपल्याकडे."

"तो वाजवतो की गालिचे झटकतो?"

"गालिचेच झटकतो. पण त्याच्यामुळे तरुण मंडळी येतात, काय करणार? ह्या बेसला जरा दम आणा. ते बॅटरीवालं आत बसवतात ना?"

"प्रीॲम्प."

"तेच ते. आणि रविवारच्या प्रार्थनेला पाहिजे बरं का."

"शनिवारी मी जाते आहे, डीकन. कायमची. दुपारी येऊन घेऊन जा. किल्ली मागच्या दारी कुंडीखाली असेल."

डीकन गालातल्या गालात हसला. "ह्या वेळी खरंच जाणार म्हणता?"

ते हसू तिला झोंबलं, कारण त्याला हसायला कारण होतं. वर्नेटाची थोरली बहीण ऑपल खाली अलाबामात राहायची. ऑरिस जिवंत असताना ती दोनदा गाडी घेऊन तिला न्यायला आली होती, आणि दोन्ही वेळा वर्नेटा बॅग घेऊन दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. ऑरिस मारत नसे. अडवतही नसे. खुर्चीतून न उठता नुसता विचारायचा, "कुठे निघालीस?" आणि हिचे पाय थिजायचे. तो गेल्यावर ऑपल तिसऱ्यांदा आली. तेव्हा तर घरात विचारणारं कुणीच नव्हतं. तरी वर्नेटाने दार उघडलं नाही. आत भिंतीला टेकून उभी राहिली आणि बहिणीच्या हाका ऐकत राहिली.

आता ऑपलने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. "माझे गुडघे गेलेत, वर्नी. इतकी लांब गाडी मी पुन्हा हाकणार नाही. शनिवारी येईन, बेल वाजवीन, हाक मारीन. आलीस तर आलीस. नाहीतर बस त्या तळघरात कुजत."

"येते गं, ताई."

"हे दार उघडून बोल. फोनवर सगळेच शूर."

२

अशा जुन्या बेसचा जीव लहान असतो. तारांखाली लोहचुंबकाचा पिकअप, त्याला दोन बटणं, आणि ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीकडे, जाणारी केबल. पिकअप जेवढं उचलेल तेवढंच ॲम्पला मिळतं. प्रीॲम्प म्हणजे अंगठ्याएवढी सर्किटची पाटी आणि एक चौकोनी बॅटरी. ती आत बसवली की पिकअपमधलं बारीकसारीक सगळं तिथेच फुगवून बाहेर पाठवलं जातं. इतकंच. जादू नाही त्यात.

बॅटरीला जागा करायला मात्र लाकूड कोरावं लागतं. ऑरिस असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. त्याच्या बेसला तो कुणाला फडकंसुद्धा लावू देत नसे. "हा गप्प राहतो म्हणून मला आवडतो," म्हणायचा, "तुझ्यासारखं वर तोंड करून बोलत नाही." वर्नेटाने बेस पालथा घातला, पटाशी धरली आणि हातोडीचा पहिला घाव घातला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

खोबण साफ झाली. आत तांब्याची पट्टी चिकटवली, अर्थिंगची तार ओढून घेतली, सोल्डरिंग गन तापवून एकेक जोड डाखला. एकदा अंगठ्याला चटका बसला, पण हात थांबला नाही. तिचे जोड बघण्यासारखे असत, पाण्याच्या थेंबासारखे गोल आणि चकचकीत. बॅटरी बसवली. मग केबलची पिन बेसमध्ये खुपसली आणि ॲम्प लावला.

जाड तार छेडल्याबरोबर खिळ्यांचा डबा थरथरला. आवाज पायातून वर आला. "आता झटक म्हणावं गालिचे," वर्नेटा म्हणाली आणि तळहात तारांवर ठेवून त्या गप्प केल्या.

तिने कॉफीचा कप उचलला. कप ओठांपाशी होता, आणि ॲम्पमधून आवाज आला.

टक्.

कप टेबलावर ठेवल्याचा.

तिने घोट घेतला. कप खाली ठेवला. टक्. तोच आवाज, तशीच शेवटी बारीक किणकिण, कारण कपाच्या तळाचा एका बाजूने टवका उडाला होता.

३

पिकअप जुना झाला, आतलं मेण वाळलं, की तो माइकसारखा वागतो. टेबलावर टिचकी मारा, ॲम्पमधून ऐकू येते. जवळ बोला, आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा परत येतो. त्यात प्रीॲम्प बसवला म्हणजे मुंगी चाललेलीही कळायची. हे तिला माहीत होतं. त्यामुळे आवाज आला ह्याचं तिला काहीच वाटलं नाही. तो आधी का आला, एवढंच तिच्या डोक्यात बसेना.

तिने केबल बदलली. दुसरा ॲम्प ओढून आणला. खिडकीबाहेर कुणी आहे का तेही पाहिलं. तळघराची खिडकी म्हणजे छताजवळची एक आडवी काच, बाहेर जमिनीलगत. तिच्यातून वितळलेल्या बर्फाचा चिखल आणि कुंपणाचे पाय दिसायचे, दुसरं काही नाही.

मग तिने हातात पेचकस घेतला आणि तो खाली टाकायचा नाही असं ठरवलं. घट्ट धरला. ॲम्पमधून पेचकस फरशीवर पडून घरंगळल्याचा आवाज आला. वर्नेटाने मूठ आणखी आवळली.

वरच्या मजल्यावर फोन खणाणला. ती दचकली, आणि पेचकस गेला.

"का गं धापा टाकतेस?" ऑपलने विचारलं.

"जिना चढून आले."

"बॅग भरलीस?"

"भरते आहे."

"म्हणजे नाही भरलीस. अगं, स्वयंपाकघर उचलून आणू नकोस. माझ्याकडे तवे आहेत. आणि त्या मेल्याचा एक मोजासुद्धा गाडीत घेणार नाही मी."

"ताई, तुला कधी... म्हणजे एखादी गोष्ट व्हायच्या आधी ऐकू आलीय?"

"वर्नी, तू कारणं शोधायला लागलीस का?"

"नाही गं!"

"तुझं हे असंच सुरू होतं. आधी पोटात दुखतं, मग छत गळतं, आता कानात आवाज."

वर्नेटाने फोन ठेवला आणि बॅग भरायला झोपायच्या खोलीकडे निघाली. खरंच निघाली होती. पण तळघराच्या दाराशी पाय थबकला. खालून काहीतरी ऐकू येत होतं, कपाट उघडल्यासारखं. आपण आता काय करणार आहोत, ते ऐकून तरी घ्यावं, असं तिला वाटलं. ती खाली उतरली आणि ॲम्पपुढच्या स्टुलावर बसली.

त्या दिवशी ती दुसरं काही करू शकली नाही. बेसच्या पोटातून तिचाच दिवस थोडा थोडा पुढून येत होता. नळ. खोकला. खुर्ची सरकल्याचा आवाज. प्रत्येक वेळी ती वाट बघायची आणि प्रत्येक वेळी तसंच व्हायचं. आधी मधलं अंतर श्वासाएवढं होतं, मग कॉफी गार होण्याएवढं झालं. पिन उपसून टाकावी असं तिच्या मनात आलं. हात पुढे गेला आणि परत आला. पुढचं ऐकायचं राहून गेलं तर?

४

शुक्रवारी दुपारी बेसने तिला शनिवार ऐकवला.

ती मक्याच्या पावाचा तुकडा मोडत होती. ॲम्पमधून दाराची बेल वाजली. वर्नेटाने वर पाहिलं. वर घर गप्प होतं. मग ऑपलचा आवाज आला, बारीक, पण तिचाच. "वर्नी! ए वर्नी!"

आणि मग काहीच नाही.

पावाचा तुकडा तिच्या हातात चुरगळला. तेच होणार तर. आपण पुन्हा भिंतीला टेकून उभ्या राहणार आणि ऑपल निघून जाणार. "बोल," ती ॲम्पला म्हणाली. "तोंडात काय बोळा कोंबलाय? बोल ना बये!"

"आले गं, ताई! आले!"

तिचा स्वतःचा आवाज. मोकळा, मोठा, अजिबात न चाचरणारा. मग कडी निघाली. बॅगेची चाकं फळ्यांवरून खडखडत गेली. दोन बायका एकदम बोलल्या, हसल्या. गाडीची दारं धडाधड लागली आणि इंजिन लांब लांब जात संपलं.

वर्नेटा स्टुलावर बसल्या बसल्या रडली. मग ॲप्रनने नाक पुसून वर गेली, कॅटफिश तळला, पोटभर खाल्ला आणि एका दमात बॅग भरली. हात कसे भराभर चालत होते. आता घाबरायचं कशाला? ती जाणार हे ठरलेलं होतं. तिने कानांनी ऐकलं होतं.

फक्त एकच बारीक गोष्ट राहून राहून टोचत होती. त्या सगळ्या आवाजांत जिना कुठेच वाजला नव्हता. तळघराच्या लाकडी पायऱ्या मांजर चढलं तरी कुरकुरायच्या. पण मग आपण तेव्हा वरच असणार, दाराशी. असणारच. तिने स्वतःची समजूत घातली आणि मोजे जोडीने गुंडाळून बॅगेत कोंबले.

५

शनिवारी सकाळी ती तयार होती. अंगात कोट, पायात चर्चला जायचे तपकिरी बूट, बॅग पुढच्या दाराशी उभी. स्वयंपाकघर पुसून झालं होतं. ऑपल यायला अजून अवकाश होता, म्हणून ती बेस बंद करायला खाली गेली. मागचं झाकण बसवायचं, पिन काढायची, बेस पेटीत ठेवायचा. हातासरशी होणारं काम.

झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत असताना बेल वाजली.

ह्या वेळी खरी. वर, दारावर.

"वर्नी! ए वर्नी!"

वर्नेटाच्या हातातून पेचकस पडला. तिने वर तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडण्यासाठी तोंड उघडलं.

"आले गं, ताई! आले!"

आवाज वरून आला.

तिचं तोंड उघडंच होतं. त्यातून काही निघालं नव्हतं. डोक्यावरच्या फळ्यांवरून पावलं गेली, भराभर, तिची टाच जशी जरा घासते तशी घासत. कडी निघाली.

"अगं बाई!" ऑपल ओरडली. "उघडलंस! मी तर पैज लावून आले होते."

"कुणाशी?"

"माझ्या गुडघ्यांशी. काय वाळलीस गं! बॅग एकच?"

"तूच म्हणालीस ना, तवे नकोत."

आणि वरची बाई हसली. इतकं मोकळं, की खाली उभ्या असलेल्या वर्नेटाला भीती वाटायच्या आधी हेवा वाटला. असं ती कधी हसली होती?

ती जिन्याकडे धावली. पायऱ्या चढली. एकही पायरी कुरकुरली नाही. तळघराचं दार बाहेरून लागलं होतं. तिने दोन्ही मुठी दारावर आपटल्या, आणि लाकडाचा आवाज झाला नाही. धप् धप् असा आवाज आला तो खालून, टेबलाजवळून, ॲम्पमधून.

"ताई!" ती किंचाळली. तेही खालूनच आलं. डब्यातून आल्यासारखं, बारीक.

बॅगेची चाकं अंगणात उतरली. ती पुन्हा खाली पळाली, स्टुलावर चढली आणि आडव्या काचेशी डोळे नेले. चिखलातून दोन पाय जात होते. तपकिरी बूट. डाव्या बुटाची नाडी सकाळी तुटली म्हणून तिने गाठ मारून बांधली होती, तशीच गाठ. पाय थांबले. गुडघे वाकले. खाली पडलेला हातमोजा उचलायला एक हात आला, आणि त्याच्या अंगठ्यावर परवाच्या डाखाच्या चटक्याचा डाग होता, लाल, अजून ओला.

तो हात जरा वेळ तिथेच राहिला, काचेसमोर. कोट चुरगळत खाली येऊ लागला, जणू ती बाई वाकून आत बघणार होती.

वर्नेटाने डोळे मिटून घेतले. तिला तो चेहरा बघायचा नव्हता.

गाडीची दारं लागली. इंजिनाचा आवाज लांब लांब गेला.

६

मग तिने डोकं ताळ्यावर आणायचा प्रयत्न केला. आपल्याला झोप लागली असेल. ताप असेल. सोल्डरच्या धुराने माणसाला काहीबाही होतं, तिने ऐकलं होतं. ती सावकाश पायऱ्या चढून पुन्हा वर गेली. जसजशी वर जाई तसतसा ॲम्पमधून येणारा तिचा श्वास बारीक होत जाई. वरच्या पायरीवर तो जवळजवळ ऐकू येईना, आणि दारावर टेकलेला तिचा हात तिला नीटसा दिसेना. ती घाबरून खाली आली. बेसजवळ आल्यावर श्वास परत भरला. बेसला ऐकू जाईल तेवढीच ती उरली होती.

दुपारी मागचं दार वाजलं. तळघराची कडी निघाली आणि डीकन थॅडियस मोबाइल कानाला लावून जिना उतरला. पायरी न् पायरी कुरकुरली.

"हो गं, पोचलो," तो बायकोला सांगत होता. "गेली खरंच! विश्वास बसत नाही ना? मला सकाळीच गाडी दिसली त्यांची. खिडकीतून हात केला तिने. हसली की चक्क! नाही, नाही, वर्नेटाच. मी काय आंधळा आहे?"

"डीकन!" वर्नेटा त्याच्या तोंडापुढे उभी राहिली. "डीकन, मी इथे आहे!"

ॲम्प घूं घूं करून उठला.

"थांब जरा," डीकन फोनमध्ये म्हणाला. "बेस गुरगुरतोय. अर्थिंग नीट केलेलं दिसत नाही बाईने. घाईत केलं असणार, दुसरं काय?"

आयुष्यात तिने एकही जोड कच्चा सोडला नव्हता. ती त्याच्या कानाशी जाऊन शिव्या घालू लागली, चर्चमध्ये कधी कुणी ऐकल्या नसतील अशा. ऑरिसला द्यायच्या राहिलेल्याही त्यात आल्या. ॲम्प थरथरला, खिळ्यांचा डबा वाजला. डीकनने तोंड वाकडं केलं आणि आवाजाचं बटण कमी केलं.

"दिवा चालू, ॲम्प चालू," तो म्हणाला, "आणि केबल तशीच. दुकानातला माणूस म्हणाला होता, असल्या बेसला पिन लावून ठेवायची नाही. पिन आत असली की आतली बॅटरी चालू राहते, फुकट संपते. हो, काढतो ना. काढतो आणि निघतो. जेवायला वाढ."

पिन निघाली की आतलं सगळं गप्प. वर्नेटाइतकं हे कुणाला ठाऊक असणार? तिनेच जोडलं होतं तसं.

तिने दोन्ही हातांनी पिन धरली आणि सगळा जीव बोटांत आणला.

डीकन वाकला. त्याने पिनला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"केवढं गार पडलंय हे," तो म्हणाला. त्याने बोटं झटकली, त्यांच्यावर फुंकर घातली. क्षणभर तो तिच्या तोंडाकडेच बघत होता असं वाटलं.

मग त्याने कोटाची बाही खाली ओढून हातावर घेतली.